खाणीतलं विचारणं

"हो, वाचलं." खारूताईनं एवढंच लिहिलं, आणि तेसुद्धा त्याला नाही, उंटावरच्याला. रविवारची दुपार होती, कॉम्प्युटरशेजारी ठेवलेलं ताट निवत चाललं होतं आणि पडद्यावरच्या खेळातल्या करड्या खाणीत तिघेजण रांगेत उभे राहून कुदळी मारत होते. खारूताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. गोगलगाय म्हणजे तो स्वतः. आणि उंटावरचा म्हणजे कोण कुठला देव जाणे, मघाशीच आलेला, अनोळखी, भला माणूस. त्या भल्या माणसानं भलेपणानंच लिहिलं होतं, "खारूताई, बाजूची गोगलगाय केव्हाची तुम्हाला काहीतरी विचारतेय. दिसलं नसेल म्हणून सांगितलं." आणि पुढचा घाव दगडावर बसायच्या आत खाली उत्तर हजर. हो, वाचलं. कुदळ चालूच. त्याचं वाक्य मात्र वर तसंच एकटं पडून राहिलेलं, "ताई, आहेस का? बाबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. तू एकदा त्यांच्याशी बोल ना." त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. भूक होती, पण तोंड उघडेना. मग उंटावरच्यानं एक हसरा चेहरा टाकला आणि तो दुसऱ्या दगडाकडे निघून गेला, बिचारा, आपण काय करून बसलो याची त्याला काय कल्पना.

उत्तर दिलं नाही याचं त्याला वाईट वाटलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण खाणीत उत्तर न देणं हा गुन्हाच नव्हता, उलट ती तिथली रीत होती. दगड फोडायचे, टोपली भरायची, टोपली रिकामी करायची, पुन्हा दगड फोडायचे. एकदा बोट लावलं की पडद्यावरची आपली बाहुली आपोआप राबत राहते आणि माणूस उठून कपडे वाळत घालायला जातो, दारावरची बेल वाजली म्हणून जातो, नाहीतर नुसता छताकडे बघत पडतो. समोर उभं असलेलं माणूस खरोखर तिथे आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. एकदा "आहेस का" म्हणायचं, दुसऱ्यांदा म्हणणं म्हणजे लोकांच्या खिडकीतून आत डोकावणं. कुणाची लेव्हल वाढली की असतील त्यांनी शाब्बास म्हणायचं, नसतील त्यांचं म्हटल्यासारखंच धरायचं. कुणाच्या दगडापाशी उभं राहायचं असेल तर "येऊ का?" असं विचारायचं, आणि दोन दगड फुटेपर्यंत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजून उभं राहायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. तो तर इतका पाळायचा की ताई गंमतीनं म्हणायची, तू खाणीत आहेस की सासरी? ही रीत त्याला मनापासून आवडायची. आयुष्यात सगळीकडे गप्प बसलं की लोक विचारतात काय झालं, राग आलाय का, आणि इथे गप्प बसलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच धरून चालायचे. नसेल जागेवर. कामात असेल. येईल.

आणि ती जागेवर होती. वाचत होती. त्याचं वाचत होती आणि उत्तर उंटावरच्याला देत होती. मग त्याच्या मनात आलं ते फारच वाईट होतं. आज वाचलं, म्हणजे त्या दिवशीही वाचलं असेल.

खाणीत त्याला ताईनंच आणलं होतं. ती मोटार शिकवते. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसायचं, चाक त्याच्या हातात आणि जादा ब्रेक आपल्या पायाखाली. एका शिकाऊ बाईनं गाडी मागे घेता घेता तिच्या पायावरच आणली, तेव्हा तो पाय प्लास्टरमध्ये बांधून ती कितीतरी दिवस पलंगावर पडून होती आणि तिथे तिला हा खेळ सापडला. "ये रे," म्हणाली, "डोकं लागत नाही, तुला जमेल." आई गेल्यापासून दोघांचं फोनवर धड जमत नव्हतं. पहिली दोन वाक्यं बरी जायची, तिसऱ्याला आवाज चढायचा, चौथ्याला आईच्या आजारपणात कोण किती वेळा आलं आणि कोण नाही हे निघायचं, आणि मग कुणीतरी फोन आपटायचं. खाणीत तसं होत नसे. तिथे हात कामात असायचे. ती लिहायची, "आज एकानं वळणावर डोळे मिटले रे." तो बऱ्याच वेळानं लिहायचा, "आणि तू?" तीही बऱ्याच वेळानं लिहायची, "मीपण." मग दोघं आपापल्या घरात, मधे एवढं मोठं अंतर, एकेकटे हसत बसायचे. तोही आपल्या कामाचं सांगायचा. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. न पाहिलेल्या माणसांचे जबडे प्लास्टरमध्ये येतात, त्यांवर मेण चढवायचं, दात बसवायचे, घासायचे, पुन्हा घासायचे. "तू कुणाच्या तोंडाला लागत नाहीस म्हणून देवानं तुला लोकांची तोंडंच दिली," असं ती एकदा म्हणाली होती आणि ते त्याला इतकं आवडलं होतं की दुसऱ्या दिवशी त्यानं लॅबमध्ये ते स्वतःचं म्हणून सांगितलं. लहानपणी ती त्याचा हात धरून रस्ता ओलांडायची तेव्हा मुद्दाम दाबून धरायची, दुखेपर्यंत, आणि तो ओरडला की म्हणायची, सुटलास तर कोण भरून देणार? खाणीत तिच्या शेजारी उभं राहिलं की त्याला तो दाब आठवायचा. बोलली नाही तरी आहे. एवढं पुरे होतं.

मग बाबा न्हाणीघरात पडले. पहिल्यांदा पडले तेव्हा त्यांनी सांगितलंच नाही, दुसऱ्यांदा तो लॅबमधून घरी आला तेव्हा ते दाराला टेकून तसेच बसले होते, किती वेळ कोण जाणे, आणि त्याच्याकडे बघून म्हणाले, "आलास? बरं झालं, मला जरा उठव," जणू काही सहज खाली बसले होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात दोघेच, दिवसभर ते एकटे. गॅस दोनदा तसाच राहिला. बाबा रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर रंग जुळवत आलेला माणूस, आणि आता त्यांना मोजे जुळवता येईनात. त्यानं वृद्धाश्रम पाहिला, स्वच्छ होता, खिडकीतून उजेड यायचा, माणसं ओरडून बोलत नव्हती. मग बाबांना सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "ताईला विचार. ती हो म्हणाली तर जाईन. तू एकट्यानं ठरवलेलं मला चालायचं नाही." त्यात राग नव्हता, पण त्याला लागलं. जेवणखाण यानं बघायचं, औषधं यानं द्यायची, आणि शब्द चालणार तो ताईचा.

त्यानं फोन उचलला होता. खरंच उचलला होता. नंबरावर बोटही गेलं होतं. पण चौथ्या वाक्याला काय होईल ते त्याला ठाऊक होतं, आणि बाबांच्या बाबतीत ते व्हायला नको होतं. निदान तेव्हा त्यानं स्वतःला असंच सांगितलं. म्हणून तो खाणीत गेला. ती होती, तिच्या नेहमीच्या दगडापाशी. त्यानं सगळं लिहिलं, पडणं लिहिलं, गॅस लिहिला, वृद्धाश्रमाची खिडकीसुद्धा लिहिली, आणि शेवटी लिहिलं, "बाबा म्हणतात ताई हो म्हणाली तरच. तुझी हरकत असेल तर सांग, मी पुढे जात नाही." आणि वाट पाहिली. दगड फुटला. परत उगवला. परत फुटला. ती दुपार त्याला अजून लख्ख आठवते, शेजारच्या घरात कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं आणि त्या आवाजात त्याला सारखं वाटत होतं की आता उत्तर आलं. तिची कुदळ शांतपणे वर जात होती, खाली येत होती. दोन दगडांनी रीत पुरी होते. त्यानं संध्याकाळपर्यंत किती फोडले त्याला गणती नाही. मग ती गेली. आणि त्यानं बाबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "ताईची हरकत नाही." आता आठवलं की अंगावर काटा येतो, कारण हे सांगताना त्याला खोटं बोलल्यासारखं मुळीच वाटलं नव्हतं. उलट हलकं वाटलं होतं. दुसऱ्या कुणाला, ज्यानं आयुष्यात कधी खाणीत कुदळ मारली नाही अशा कुणाही शहाण्या माणसाला, हे सुचलंही नसतं.

बाबा आश्रमात गेले. जाताना त्यांनी घराचं दार स्वतः ओढलं. आणि थोड्याच दिवसांनी तो भेटायला गेला तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. "ताईचा फोन आला होता," भिंतीला सांगावं तसं ते म्हणाले. "ती म्हणते, मला कुणी विचारलंच नाही." "विचारलं बाबा, मी विचारलं होतं." "कधी? फोन केलास?" "फोन नाही. खाणीत विचारलं." बाबा वळले. "कसली खाण?" आणि तो सांगायला लागला. दगड सांगितले, टोपली सांगितली, माणूस जागेवर नसला तरी बाहुली राबते हे सांगितलं, दोन दगड फुटेपर्यंत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजतात हेही सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच ऐकू येऊ लागलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला इथे पोचवायचं होतं तर सरळ सांगायचंस. दगडधोंड्यांची साक्ष कशाला?" आणि पुन्हा भिंतीकडे वळले. तेव्हापासून ते त्याच्याशी बोलत ते हवापाण्याचं. चहा प्यालास का. बस मिळाली का. पाहुण्याशी बोलतात तसं, आणि तेही उठून जायची वाट बघत असलेल्या पाहुण्याशी.

आणि तरी एवढे दिवस तो ताईची बाजू घेत होता! हे आठवून आता तो खुर्चीवरून उठलाच. खोलीतल्या खोलीत त्यानं चार फेऱ्या मारल्या, नळ सोडला, बंद केला. ती नसेल जागेवर, तिनं वाचलंच नसेल, मग ती खरंच बोलली, मला कुणी विचारलं नाही, तिची काय चूक, चूक माझी, मूर्ख मी, असं त्यानं स्वतःला किती वेळा बजावलं होतं. लॅबमध्ये जबडे घासता घासता बजावलं होतं. एकदा तर त्याला तिची दयाच आली होती, बिचारीला परक्यासारखं बाबांच्या तोंडून कळलं म्हणून. दया! आयुष्यात कुणाबद्दल तो इतकं चांगलं धरून चालला नव्हता, जितकं त्या कुदळ मारणाऱ्या बाहुलीबद्दल. आणि ती मागे बसून वाचत होती. ओळ न् ओळ. न्हाणीघराचं दार, टेकून बसलेले बाबा, सगळं. पडद्यावर खारूताई अजून उभी होतीच. त्यानं या वेळी काही लिहिलं नाही. सरळ फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली. मागून इंजिनाचा आवाज येत नव्हता. घरीच होती.

"ताई, तू त्या दिवशी वाचलं होतंस."

पडद्यावर तिच्या कुदळीचे घाव पडत होते, ते तो बघत होता. मग ती म्हणाली, "हो."

"सगळं?"

"सगळं. तुझं अर्धवट कधी असतं? गॅसची शेगडीसुद्धा डाव्या बाजूची की उजव्या ते लिहिलं होतंस."

"मग बाबांना कशाला सांगितलंस कुणी विचारलं नाही म्हणून?"

"खाणीत विचारणं म्हणजे काय विचारणं झालं का रे?" तिचा आवाज चढला, तिसरं वाक्य यायच्या आतच चढला. "बापाचा प्रश्न दगड फोडता फोडता विचारतात? फोन नव्हता तुझ्याकडे? मी सांगू का फोन का नाही केलास? तुला उत्तर नकोच होतं. मी गप्प बसले तर तुला बरंच होतं."

हे खरं होतं, निदान त्यातलं काही खरं होतं, आणि म्हणूनच त्याला ते सहन झालं नाही. "मी विचारलं तरी!" तो ओरडला. "भित्रा म्हण, काहीही म्हण, पण विचारलं. तू वाचलंस आणि तोंडाला कुलूप लावून बसलीस. आणि वर त्यांना फोन करून मला खोटा पाडलंस. मी तुझा कोण आहे, ताई? उंटावरच्याला उत्तर देतेस, मला नाही?"

"तो काही मागत नव्हता," ती म्हणाली.

आणि मग तिनं आवाज खाली आणला. शिकाऊ माणूस घाबरला की ती असाच आवाज खाली आणत असणार. "हे बघ. मी नको म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, मग घेऊन जा. आणि मला ते जमणार नाही. मी करून बघायचा विचारही केला, खोलीत पलंग कुठे लावायचा तेपण बघितलं, नाही जमत. आणि हो म्हटलं असतं तर ते मरेपर्यंत म्हणत राहिले असते की पोरीनं हो म्हटलं. तू मुलगा आहेस. तुझ्यावर रागावतील, चार दिवसांनी विसरतील. रोज रागावायला तरी तू समोर असतोस. माझ्यावरून मन उडालं तर त्यांच्याकडे राहतं काय?"

"आणि माझ्याकडे?" असं त्याला म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण तोवर ती म्हणाली, "तू त्यांना सांगणार असशील तर सांग. मी अडवत नाही," आणि ती रडत होती की नाही ते त्याला कळलं नाही, कारण तिनं फोन ठेवला. आपटला नाही. हळूच ठेवला. पडद्यावरची खारूताई तेवढ्यात नाहीशी झाली आणि तिच्या जागी नुसता फुटलेला दगड राहिला, जो थोड्या वेळानं आपला आपण उगवला.

सांगणार होताच तो. आठवडाभर त्यानं दुसरं काही केलंच नाही. मेण चढवताना, दात बसवताना तो मनात वाक्यं रचत होता, मोडत होता, पुन्हा रचत होता. एक जबडा त्यानं इतका घासला की तो वायाच गेला आणि लॅबच्या मालकानं विचारलं, "कुणाचा राग काढताय त्याच्यावर?" बाबा, ताईनं वाचलं होतं. तिनं स्वतः कबूल केलं. फोन लावून देतो, तिच्या तोंडून ऐका. एवढंच म्हणायचं, जास्त काही नाही. त्यात ताईची निंदा नव्हती, खरं होतं ते. आपण खोटे नाही एवढं बाबांना कळलं पाहिजे. बाकी काही नको. माणूस सगळं सोसतो, पण ज्याला आपण दोन हातांनी उचलून बसतं केलं त्यानं आपल्याला लबाड समजावं हे सोसवत नाही. भेटीच्या दिवशी तो लवकर गेला. जिना चढताना त्याला चक्क बरं वाटत होतं.

बाबा आज भिंतीकडे नव्हते. खिडकीपाशी बसले होते, दाढी केलेली, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. "ये," म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी म्हणावं तसं म्हणाले. "ही भिंत बघ. दोन डब्यांतला रंग आहे, जुळवला नाही मेल्यांनी. तुला दिसत नाही? खालचा भाग बघ." त्यानं बघितलं. त्याला दिसलं नाही, तरी तो हो म्हणाला. मग त्यानं खुर्ची ओढली आणि घसा साफ केला. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. ताईचं."

"थांब," बाबा म्हणाले. "आधी मी विचारतो. खरं सांगशील? मी रागावणार नाही. रागावून झालंय माझं." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ताईला तू विचारलंच नव्हतंस ना?"

तो तोंड उघडणार होता, पण बाबा थांबलेच नव्हते. पडल्या पडल्या त्यांनी सगळं जुळवून ठेवलं होतं आणि आता ते कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. "नव्हतंस विचारलं. मला कळलंय. कारण विचारलं असतंस ना, तर ती नको म्हणाली असती. हट्टी आहे कार्टी, आईवर गेलीय. सरळ गाडी घेऊन आली असती दारात. म्हणाली असती, उठा बाबा, चला, बघू कोण तुम्हाला आश्रमात ठेवतो ते. आणि मग तिच्या घरात मी, तिची धावपळ, तिचा तो पाय. तू तिला वाचवायला बघितलंस. खाण नि दगड आणि काय काय सांगत बसलास, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. खोटं बोलायला तुला कधी जमलंच नाही." त्यांचे डोळे चमकत होते. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा त्यानं पाहिला नव्हता, घरीसुद्धा नाही. "बरोबर की नाही? सांग ना. ती आली असती ना मला न्यायला?"

आठवडाभर रचलेली वाक्यं तोंडात तयार होती. एकच पुरे होतं. त्यातलं सगळ्यात छोटं, सगळ्यात सौम्य वाक्यसुद्धा पुरे होतं. त्याला ताईचा राग आला, आणि त्याहून जास्त राग या म्हाताऱ्याचा आला, जो औषधं याच्या हातून घेत आला आणि स्वप्नं तिची बघत आला. बाबांचा हात अजून गुडघ्यावर होता. वजन काहीच नव्हतं त्याला.

"आली असती," तो म्हणाला. "मी नाही विचारलं, बाबा. चुकलं माझं."

"वाटलंच मला!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "मी ओळखत नाही का माझ्या पोरीला?" ते खुर्चीत मागे रेलले आणि समाधानानं हसले. मग त्याच्याकडे बघून, मोठ्या मनानं, म्हणाले, "असू दे. माणूस आहे, चुकतो. माफ केलं तुला मी." ती माफी त्याला कानशिलात बसावी तशी लागली. तो मान खाली घालून बसून राहिला, आणि ते बाबांना पश्चात्तापासारखं दिसलं असावं, कारण त्यांनी त्याची पाठ थोपटली. बाहेर कुणीतरी जेवणाची ढकलगाडी आणत होतं, तिची चाकं वाजत होती. बाबा त्याच्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक कर. मी हे असं म्हणालो ते तिला बोलू नकोस हं. उगीच धावत येईल."

"नाही बोलत," तो म्हणाला.